लुईसने सोडलेली गोळी

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

प्रिय हिल्डा,

मठातल्या सगळ्या सिस्टरांना माझा नमस्कार सांग, मदरना खास. तुझी कंबर कशी आहे? गुडघ्यांवर बसून फरशी पुसायचं काम अजून तुझ्याकडेच असेल तर मदरना म्हणावं, बहिणीचं वय झालं, आता तिला शिवणकामाला बसवा. तू सांगणार नाहीस म्हणा. लहानपणीही खोडी दोघींची असायची, मार मला बसायचा आणि तू कोपऱ्यात उभी राहून प्रार्थना करायचीस.

हे पत्र तुला ईस्टरला मिळेल, मला ठाऊक आहे. लेंटमध्ये, उपवासाच्या या चाळीस दिवसांत, आलेली पत्रं तुमच्या मदर कपाटात ठेवतात आणि ईस्टरच्या सकाळी वाटतात. फोनही घरात कुणी गेलं तरच देतात. म्हणून एरवी मी या दिवसांत लिहीत नाही. यंदा लिहावंसं वाटलं.

मोठी बातमी आधी. आमच्या ट्रिशाचं लग्न ठरलं! मुलगा डेल्रॉय, कांजूर गावातला. एका मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसतो. उंच आहे, नाकाने शिंकल्यासारखा हसतो, पण मुलगा सोन्यासारखा. त्याची आई मात्र आली की नजरेनेच घर झाडून काढते. साखरपुड्याला तिने आपल्या देव्हाऱ्यातली मेणबत्तीसुद्धा उचलून बघितली, खरी आहे का लाइटवाली ते. लग्न ईस्टरनंतर. ट्रिशाचा एकच हट्ट आहे. नवरीच्या अंघोळीचं उंबराचं पाणी विहिरीवरून आणायला निघतील तेव्हा पुढे बॅण्डवाले नकोत, पपांनी क्लॅरिनेट वाजवायचं.

तुला आठवत असेल लुईस कसा वाजवायचा. कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत आपल्या लोकांच्या लग्नात त्याला बोलावणं असायचं. आता हात थरथरतात. चहाची बशी त्याच्या हातात वाजते. त्याच्या रोजच्या गोळीने होतं ते, डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

तर आज सकाळी राख लावून आलो आणि तुझ्या-माझ्या पपांच्या पद्धतीप्रमाणे गावठाणातल्या क्रूसासमोर उभे राहिलो. काय सोडणार ते मोठ्याने बोलायचं, आणि एकदा बोललं की कुणी वाद घालायचा नाही, टोकायचं नाही. तू साखर सोडलीस त्या वर्षी शाळेत चक्कर येऊन पडलीस तरी पपांनी तुला गुळाचा खडा दिला नव्हता. ट्रिशाने मोबाइलवरच्या सिरियल सोडल्या. मी मासळी सोडली. लुईस हसला आणि म्हणाला, "यंदा मी गोळी सोडतो."

रागावू नकोस. तू आत्ता उठून उभी राहिली असशील. नीट वाच.

गोळी सोडली, पण मोकळं ठेवलेलं नाही. मागच्या टॉवरमध्ये ऋता नावाची मुलगी राहते. क्लबहाउसमध्ये श्वासाचे व्यायाम शिकवते आणि आहाराचं सांगते. तिच्याकडून मिनरल्स आणलेत. मॅग्नेशियम, झिंक, अजून काय काय. मन शांत राहतं, झोप गाढ लागते, चिडचिड जाते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका घेतात. रात्री कोमट पाण्यात एक पुडी आणि सकाळी एक कॅप्सूल. पाण्याला जरा धातूची चव येते, बाकी काही नाही.

आणि त्या वेळी त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनीच तुला-मला काय सांगितलं होतं? "लिथियमला घाबरू नका, हे एक प्रकारचं मीठच आहे, जमिनीतून निघतं." मग एक मीठ काढलं आणि दुसरं घातलं, एवढंच. त्या वर्षाचं मी इथे काही लिहीत नाही. ते पुन्हा येऊ नये म्हणून मीही तुझ्याइतकीच जपते. पण इतकी वर्षं तो ठीक आहे ना? ठीकच आहे.

प्रार्थनेत आम्हाला आठव.

तुझीच,
यव्होन


मरोळ
६ मार्च २०२६

प्रिय हिल्डा,

हे पत्र मी हसत लिहिते आहे असं समजून वाच.

लुईसचा हात थांबला! खरंच गं. आधी मला वाटलं मलाच तसं दिसतंय. मग रविवारी त्याने भरलेला कप दोन बोटांत धरून माझ्यापर्यंत आणला आणि बशीत थेंब सांडला नाही. दोघंही त्या कपाकडे बघत बसलो.

मग क्लॅरिनेट निघालं. लेंट आहे, म्हणून खिडक्या लावून वाजवतो, तरी शेजारचे भिंतीला कान लावतात. सुरुवातीला कोंबडं चिरडल्यासारखा आवाज येत होता. आता दुपारी तो वाजवायला लागला की मी भाजी चिरायची थांबते. परवा ट्रिशा ऑफिसमधून लवकर आली आणि दारातच चप्पल न काढता उभी राहिली. म्हणाली, "ममी, पपा असे होते? मला का नाही आठवत?"

तिला कसं आठवेल? ती बारकी होती. त्यानंतर तिने बघितला तो गोळीवाला लुईस. चांगला माणूस, शांत, रविवारी देवळातली मिस्सा चुकवणार नाही, कुणाला उलट बोलणार नाही. पण मी त्याच्याशेजारी इतकी वर्षं झोपले आणि कित्येकदा मला वाटलं की खोलीत मी एकटीच आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. नन बहिणीला काय सांगायचं असलं? आता तो सकाळी माझ्या आधी उठतो, अंगण झाडतो, चहा करतो, माझ्या केसांत हात घालतो आणि म्हणतो, "काय गं मॅडम, पांढरी झालीस की!" मला रडू येतं. मला माझा नवरा परत मिळाला आहे, हिल्डा, आणि त्याबद्दल मी देवाची माफी मागणार नाही.

मिनरल्स नेमाने देते. विसरत नाही.

विहिरीचं बोलतोय सध्या. क्रूसामागची आपली जुनी विहीर, मलेरियाच्या भीतीने पत्रा ठोकून बंद केलेली. तो म्हणतो की उंबराचं पाणी लोक आता बिसलेरीच्या बाटलीतून घागरीत ओततात, ही काय पद्धत झाली? विहीर उघडायची, साफ करायची, तिथलंच पाणी माझ्या मुलीच्या डोक्यावर पडायचं. गावठाणातले सगळे खूश आहेत. म्हणतात, लुईस अंकल जागे झाले.

आता एक गोष्ट लिहिते. मागच्या पत्रात लिहायची राहिली. राहिली नाही, मी टाळली.

साखरपुड्याच्या दिवशी विहीणबाई पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या आणि फ्रिजवरची गोळ्यांची पट्टी उचलून नाव वाचायला लागल्या. "हे कसलं औषध यव्होनबाई? ब्लडप्रेशर का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "छे हो, मिनरल्स आहेत. मन शांत राहायला. आजकाल सगळेच घेतात ना." त्या म्हणाल्या, "बरं आहे. आमच्या नात्यात एक मुलगी आली, बाप वेडा निघाला. लग्नानंतर कळलं. काय करणार?" आणि पट्टी जागेवर ठेवली. त्यांचा मुलगा हॉस्पिटलात बसतो. त्याला नुसतं नाव सांगितलं असतं तरी संपलं असतं सगळं.

त्या रात्री मी अंथरुणावर पडून विचार केला की हे खोटं खरं करता येईल. फ्रिजवर खरोखरच मिनरल्स असतील तर मी कुणाला फसवलं? दुसऱ्या दिवशी ऋताकडे गेले. लुईसला म्हटलं, हात थांबेल, वाजवता येईल, ट्रिशासाठी कर. तो कचरत होता. म्हणाला, "हिल्डाला विचार." मी म्हटलं, लेंटचं व्रत म्हणून बोल क्रूसासमोर, म्हणजे तुझं मन मागेपुढे होणार नाही.

आणि हेही खरं की राखेचा बुधवार मी मुद्दाम धरला. कारण ईस्टरपर्यंत तू नाही म्हणू शकत नाहीस.

बघ, सगळं चांगलंच झालं ना?

तुझी मोठी बहीण,
यव्होन


मरोळ
२३ मार्च २०२६

हिल्डा,

तुझ्या तब्येतीचं विचारायला विसरले तर समजून घे.

लुईस झोपत नाही. थकत पण नाही. एका घासात जेवतो आणि उठतो. बोलणं सुरू झालं की नळ फुटल्यासारखं. फादरांशी बोलतो, रिक्षावाल्यांशी बोलतो, मेट्रोच्या खांबांवर रंग मारणाऱ्या पोरांना खाली बोलावून त्यांना बाप्तिस्मा म्हणजे काय ते सांगतो. लग्नासाठी तीन वेगवेगळ्या बॅण्डना शब्द देऊन आलाय. विचारलं तर म्हणतो, "तीन का? तीनच पाहिजेत. पिता, पुत्र, पवित्र आत्मा." आणि इतका गोड हसला की मीही हसले. मग आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

विहिरीचा पत्रा त्याने स्वतः काढला. वॉर्ड ऑफिसच्या माणसाशी भांडला, भीमराजने मध्ये पडून मिटवलं. भीमराज म्हणजे पलीकडच्या चाळीतला, लुईसचा कंपनीतला जुना जोडीदार. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, लुईस बरा आहे ना? डोळे बघा त्याचे. लखलखतात." मी म्हटलं, मुलीचं लग्न आहे, आनंद आहे. भीमराज म्हणाला, "आनंद असा नसतो वहिनी," आणि गेला. मला त्याचा फार राग आला.

पुड्या मी वाढवल्या. एकाच्या जागी दोन, मग दुपारची एक. त्याचं पोट बिघडलं, बाकी काही नाही. मन शांत करणारं ते त्याच्या मनापर्यंत पोहोचतच नाही.

मग ऋताकडे गेले. पोरगी चांगली आहे, मी तिला दोष देणार नाही. मी म्हटलं, जरा जास्त पॉवरचं दे, अंकलना झोप येत नाही. तिने विचारलं, कधीपासून? मग विचारलं, आधी काही घेत होते का? मी गोळीचं नाव सांगितलं. हिल्डा, ती खुर्चीवरून उठली.

"आंटी, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना? दुसरं काही औषध चालू आहे का? तुम्ही नाही म्हणालात. मी सांगितलं होतं, हे कुठल्याच औषधाच्या जागी नाही."

"हे पण मीठच ना गं?"

"आंटी, मीठ मीठ काय करताय! ती गोळी अशी एकदम सोडतात का? आज घेऊन जा त्यांना डॉक्टरकडे. आजच्या आज. मी येते सोबत, चला."

मी म्हटलं, नको, ट्रिशाला घेऊन जाते. आणि घरी आले.

म्हातारे डॉक्टर तर मागेच वारले. त्यांच्या चिठ्ठीवर ज्या हॉस्पिटलाचं नाव आहे तिथेच केसपेपरच्या खिडकीवर डेल्रॉय बसतो. तू विचारशील, मुंबईत दुसरं हॉस्पिटल नाही का? आहेत. पुष्कळ आहेत. एकात मी नाव नोंदवलं आणि जायच्या दिवशी सकाळी फोन करून रद्द केलं, कारण लुईसला रिक्षात बसवायला चार माणसं लागली असती आणि ती माणसं गावठाणातलीच असणार, आणि गावठाणातून कांजूरला बातमी जायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे.

शेवटी मी गोळी कुटून डाळीत घातली. पट्टी मी फेकलेली नव्हती, तांदळाच्या डब्यात ठेवली होती. त्याने पहिला घास घेतला, थांबला, आणि ताट हळूच माझ्याकडे सरकवलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "यव्होन, मी क्रूसासमोर शब्द दिलाय. तूच द्यायला लावलास. ईस्टरपर्यंत मला पापात पाडू नकोस." मी हात जोडले. म्हटलं, देव माफ करेल, ते व्रत मी माझ्या डोक्यावर घेते. तो म्हणाला, "टोकायचं नाही. तुमच्या पपांचीच पद्धत आहे ना?"

मग माझ्या केसांत हात घातला. आता तो हात केसांत आला की मी मान आखडून घेते.

आणि एक बोलला, ते तुला सांगायला हवं. विहिरीच्या कठड्यावर बसला होता, मी चहा घेऊन गेले. पाण्याकडे बघत म्हणाला, "त्या वेळी तलावात हिल्डाने मला अर्ध्यातून ओढून आणलं. काम अर्धं राहिलं. यंदा हिल्डा मठात आहे."

मला वाटत होतं त्याला ते आठवत नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्याला काहीच आठवत नाही.

मठाचा नंबर मी काढून फोनजवळ ठेवलाय. मदर विचारतील, घरात कोण वारलं? काय सांगू?

यव्होन


मरोळ
पवित्र शनिवार, ४ एप्रिल २०२६, दुपार

हिल्डा,

आजचा दिवस. फक्त आजचा दिवस निघाला की झालं. उद्या ईस्टर, व्रत संपतं. लुईसने मला वचन दिलंय की उद्या सकाळी मिस्सेवरून आला की तो माझ्या हातून गोळी घेईल. मी पट्टी तांदळातून काढून पुसून ठेवली आहे. तो दिलेला शब्द मोडत नाही, हे तर आपण बघितलंच.

आज रात्री देवळात पाणी आशीर्वादित करतात. लुईसच्या डोक्यात आलं की विहिरीचं पहिलं पाणी फादरांकडे न्यायचं, आणि तेच पाणी लग्नापर्यंत राखून उंबराच्या पाण्यात मिसळायचं. फादरांना कल्पना फार आवडली. सगळ्यांनाच आवडली. म्हणून आत्ता दुपारी क्रूसामागे माणसं जमली आहेत. मी खिडकीशी बसून लिहिते आहे, मला इथून सगळं दिसतं. विहीणबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्यात, हातात सरबत. डेल्रॉय मोबाइलने फोटो काढतोय. भीमराज नाही. त्याला लुईसने बोलावलं नाही.

पाणी वरून बादलीने काढायचं असं ठरलं होतं. मीही निश्चिंत होते. सकाळी लुईस म्हणाला, वरचं पाणी मेलेलं आहे, जिवंत पाणी खाली झऱ्याशी आहे, ते खाली उतरून घागरीत भरायचं. आणि ज्या मुलीचं लग्न तिनेच भरायचं. त्याने दोरीची शिडी केली आहे. रात्र रात्र बसून वळली, गाठी सुंदर मारल्यात. दगडी पायऱ्या अर्ध्यात संपतात. तिथपर्यंत तो रोज जाऊन येतो आणि डोकं धरून वर येतो, डोळे लाल, आणि आनंदात असतो. शिडी तिथून खाली सोडली आहे.

काल त्याने पेटती मेणबत्ती दोरीला बांधून खाली सोडली होती. पायऱ्यांच्या खाली गेली आणि विझली. वर घेतली, पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा विझली. मी म्हटलं, लुईस, खाली हवा नाही रे. तो म्हणाला, "खालची हवा पवित्र आहे. तिला माणसाची ज्योत चालत नाही." मी ते ऐकलं आणि घरात येऊन फुग्यांचं पीठ भिजवलं. आज फुगे तळून झालेत, जमलेल्यांना वाटायला.

ट्रिशा तयार होते आहे. ओढणी कमरेला बांधली, चप्पल काढून ठेवली. हसते आहे. तिला भीती वाटत नाही कारण तिला काहीच माहीत नाही, हिल्डा. मी तिला सांगितलंच नाही कधी. तुझ्याकडूनही शपथ घेतली होती. तिला एवढंच ठाऊक की ती लहान असताना पपांना टायफॉईड झाला आणि हिल्डा आंटीने खूप सेवा केली. पपांनी तिला खांद्यावर बसवून तलावात नेलं, पाणी तिच्या हनुवटीपर्यंत आलं तरी ते चालत राहिले, ती टाळ्या वाजवत होती आणि तू कपड्यांसकट आत उडी घेतलीस, हे तिला कुणी सांगितलं नाही. म्हणून ती आत्ताही तशीच हसते आहे.

मघाशी ती आत आली, माझ्या गळ्यात पडली. "ममी, तू चल ना बाहेर. पपा किती खूश आहेत बघ. यार, मला ना असेच पपा पाहिजे होते." मी म्हटलं, ट्रिशा, खाली नको जाऊस. ती म्हणाली, "का?" सगळं त्या एका शब्दाच्या उत्तरात होतं. विहीणबाईंची खुर्ची खिडकीपासून लांब नाही. मी म्हटलं, "ओलं आहे, पाय घसरेल." ती म्हणाली, "पपा आहेत ना!" आणि गेली.

मी तुला खरं सांगते. ओढून आणायला जोर लागत नाही. मला पोहता येत नाही म्हणून त्या वेळी तू उडी घेतलीस. पण आज पाण्यात उतरायचं नाहीये. या खिडकीतून एक वाक्य मोठ्याने बोलायचं आहे. ट्रिशा, तुझ्या बापाला आजार आहे, त्याची गोळी मी बंद केली, मागे हो. एवढंच. भीमराजला हाक मारली तर तो चाळीतून धावत येईल. ऋताने तिचा नंबर माझ्या फोनमध्ये स्वतः घालून दिलाय. मठाचा नंबर समोर आहे. मदरना मी म्हणू शकते, अजून कुणी वारलेलं नाही, म्हणूनच फोन द्या.

आणि मी तुला पत्र लिहिते आहे. पत्र, जे पेटीत पडलं तरी उद्यापर्यंत पोहोचणार नाही. मी इतके दिवस स्वतःला सांगत होते की तुला कळावं म्हणून लिहिते. आता दिसतंय की तू थांबवू शकणार नाहीस म्हणूनच लिहीत होते.

लुईसने क्लॅरिनेट हातात घेतलंय. शेवटच्या पायरीवर उभा राहून वाजवणार, आणि वाजवायचं थांबलं की ट्रिशाने उतरायचं, असं ठरलंय. विहीणबाईंनी सरबत खाली ठेवलं. आता तो पायऱ्या उतरतोय, त्याच्यामागे ती, घागर कडेवर. डेल्रॉय म्हणतोय, "ट्रिशा, इकडे बघ!" तिने बघितलं.

वाजतंय. हिल्डा, तो काय वाजवतोय गं! एक सूर हलत नाही.

एवढं पत्र संपवते आणि उठते, असं मी मघापासून म्हणते आहे.

तुझी, अजून खुर्चीतच बसलेली,
यव्होन